गळ्याची मुदत ठेव

बँकेत माणसाची बदली होते. कर्जखात्यातला माणूस रोखपालाच्या पिंजऱ्यात जाऊन बसतो, पिंजऱ्यातला माणूस लॉकर उघडायला जातो, आणि ज्याने वीस वर्षं खपून पेन्शनर मंडळींशी गोड बोलण्याची विद्या कमावली, त्याला नेमकं उचलून थकीत कर्जाच्या वसुलीवर धाडतात. एवढं सगळं होऊनही ‘अमका कर्जखात्यातून बाटला हो!’ असं कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. चार दिवस तो नव्या टेबलावर बावरतो, पाचव्या दिवशी चहा मागवतो आणि सहाव्या दिवशी तिथल्या जुन्या मंडळींना काम कसं करावं ते समजावू लागतो.

गाणाऱ्याच्या नशिबी मात्र ही सोय नाही. ख्याल गाणारा भावगीत गायला की तो घसरला. भावगीत गाणारा सिनेमात गेला की वाया गेला. आणि जाझ गाणाऱ्या बाईने पॉपची तबकडी काढली की मग विचारूच नका. तिच्या नावाने अंघोळ करून लोक मोकळे होतात.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर अप्पा राहतात. त्यांचं आडनाव सांगत नाही. एक तर ते हे वाचणार, आणि दुसरं म्हणजे आमच्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडे असते. सकाळी किराणा घराणं आणि संध्याकाळी जाझ, असा त्यांचा निवृत्तीनंतरचा नेम आहे. (मधल्या वेळात काकू त्यांना खऱ्या किराण्याला पिटाळतात.) त्यांच्याकडे भिंतभर रेकॉर्डी आहेत आणि नातवंडाचं नाक पुसावं तितक्या मायेने ते त्या पुसतात. माणूस सज्जन. फक्त संगीताच्या बाबतीत ते सोवळ्यात असतात, आणि आपण कायम नळावरून आल्यासारखे.

परवा मी त्यांना सहज विचारलं, “अप्पा, आशा पुथली ऐकलीत का हो तुम्ही?”

अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. “ऐकली होती,” ते म्हणाले. ‘होती’वर असा जोर दिला की मी मनातल्या मनात दोन मिनिटं स्तब्ध उभा राहिलो. “ऑर्नेट कोलमनबरोबर गायली होती बरं का ती! काय गळा! मग पॉपमध्ये गेली. बाटली.”

मला आधी वाटलं, ते काकूंकडे पाण्याची बाटली मागताहेत. काकूंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या घेऊन आल्या. घोटभर पाणी पिऊन अप्पांनी तो शब्द पुन्हा उच्चारला, तेव्हा उलगडा झाला.

त्या शब्दावर माझी हरकत आहे आणि ती मी इथे लेखी नोंदवतो आहे. मी बी.कॉम. माणूस. समेवर मान हलवायची, आणि शेजाऱ्याची आपल्याआधी हलली तर आपण डास मारत होतो असं दाखवायचं, एवढंच मला संगीतातलं कळतं. पण हिशेब कळतो. तेव्हा हे प्रकरण मी खातेवहीप्रमाणे, जमा आणि नावे, असं घेणार आहे.

आधी खातेदाराचा तपशील. ‘आशा’ म्हटलं की आपल्याकडे एकच आडनाव डोळ्यांपुढे येतं, म्हणून सांगतो. या आशाबाई दुसऱ्या. जन्म मुंबईचा, वाढल्याही मुंबईतच. लहानपणी हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत शिकल्या आणि त्याच्या जोडीला पाश्चात्त्य ऑपेराही. त्यात रेडिओवर जाझ ऐकलं आणि हे तर आपल्या ओळखीचं दिसतंय, असं त्यांच्या ध्यानात आलं. कारण उघड आहे. बंदिश ठरलेली आणि बढत आयत्या वेळची, हा आपल्या ख्यालाचा व्यवहार, जाझचाही तोच. मुंबईच्या जाझवाल्यांबरोबर त्या गाऊ लागल्या. वेद मेहतांनी १९७०च्या ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ या पुस्तकात त्यांच्याबद्दल लिहिलं. काही काळ त्यांनी एका ब्रिटिश विमानकंपनीत हवाई सुंदरीची नोकरी केली, मग मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यशाळेची शिष्यवृत्ती मिळवून न्यूयॉर्क गाठलं. तिथे त्यांना जॉन हॅमंड भेटले. या गृहस्थांनी बिली हॉलिडेला हेरलं आणि बॉब डिलनलाही. म्हणजे कान असलेला माणूस. हॅमंड यांच्यामुळे आशाबाई ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ या ध्वनिमुद्रिकेत गायल्या. ध्वनिमुद्रण १९७१ सालचं, रेकॉर्ड निघाली १९७२ साली.

आता नीट लक्ष द्या. त्या रेकॉर्डमध्ये आशाबाईंची गाणी किती? दोन. अक्षरी दोन फक्त.

या दोन गाण्यांच्या ठेवीवर जाझच्या शौकिनांनी अशी समजूत करून घेतली की हा गळा आता आपल्याकडे कायमचा जमा झाला. पुढच्याच वर्षी, १९७३ साली, आशाबाईंनी सीबीएस कंपनीसाठी इंग्लंडात आपली पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली. निर्माता डेल न्यूमन. याच न्यूमनने एल्टन जॉनच्या ‘गुडबाय यलो ब्रिक रोड’साठी व्हायोलिनचा ताफा बसवला होता. गाणी कुणाची, तर जे. जे. केलचं एक, बिल विदर्सचं एक, बीटल जॉर्ज हॅरिसनचं एक. म्हणजे उघड उघड पॉप. आणि पॉप तरी सरळ असावं? हॅरिसनच्या गाण्यात मधूनच पाण्यातून बुडबुडे फुटावेत तसे आवाज निघतात, आणि त्यांच्यावरून आशाबाईंचा आवाज कधी खुसखुसत, कधी उसासे टाकत तरंगत जातो. अप्पांच्या मते ही गाण्याची रेकॉर्ड नसून मत्स्यालयाची आहे.

ही झाली प्रकरणाची हकीगत. आता अप्पांचे आक्षेप. ऑडिटर लोक लिहून देतात तसे मी ते क्रमाने लावून घेतले आहेत.

आक्षेप पहिला. ‘पैशासाठी गेली.’

बँकेत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसापुढे पैशाबद्दल अशा सुरात बोलू नये. पैसा वाईट असता तर लोकांनी तो आमच्याकडे ठेवायला दिला नसता. बडोद्याच्या दरबाराने फैयाझ खाँसाहेबांना पदरी ठेवलं होतं, ते काय तांदळाच्या मोबदल्यात? आणि जाझ म्हणजे जणू हिमालयात समाधी लावून बसलेल्यांचं संगीत, असं जे अप्पा बोलतात, त्याला तर इतिहासाचा कागदच सापडत नाही. १९३०च्या दशकात जाझ हे अमेरिकेचं नाचाचं संगीत होतं. तिकीट काढायचं, आत जायचं, घाम येईपर्यंत नाचायचं. मुंबईतसुद्धा लिऑन ॲबीचा वाद्यवृंद १९३५ साली ताजमहाल हॉटेलात आला तो समोरच्यांनी डोळे मिटून माना डोलवाव्यात म्हणून नव्हे. लोक जेवत होते, नाचत होते आणि बिल भरत होते.

पुढे याच मुंबईत काय झालं? गोव्याचे वाजवणारे रात्री हॉटेलात जाझ वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत हजेरी लावत. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट १९५१च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांच्या संगीतात वाजवून गेला आणि पडद्यावरही झळकला. सेबॅस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्सालविस यांनी हिंदी गाण्यांना वाद्यमेळाचा तो भरगच्च साज चढवला. ‘अलबेला’ची गाणी लागली की आमचे अप्पा आजही पायाने ठेका धरतात. मी पाहिलंय. सोवळ्याच्या खालून पाऊल हलताना स्पष्ट दिसतं. मग चिक चॉकलेट बाटला नाही आणि आशाबाई तेवढ्या बाटल्या, हा कुठला न्याय? एकाच पद्धतीच्या दोन नोंदी, एक जमेला आणि एक नावे? असला हिशेब आमच्याकडे लागला तर निलंबन होतं.

आक्षेप दुसरा. ‘शुद्धता गेली.’

हा आक्षेप ऐकला की मला केवायसीवाले आठवतात. केवायसी म्हणजे आपला ग्राहक ओळखा. समोर तीस वर्षांचा ओळखीचा खातेदार उभा असतो. त्याच्या मुलीच्या लग्नात आपण श्रीखंड खाल्लेलं असतं. तरी त्याला म्हणायचं, आधी आपण आपणच असल्याचा पुरावा आणा. जाझचे सोवळेकरी गाणाऱ्याकडे हाच कागद मागतात. आधी जाझ असल्याचा पुरावा द्या, मग गा.

पण हा पुरावा खुद्द जाझकडे तरी आहे का? ते न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलं तेच आफ्रिकी ताल, ब्लूज, रॅगटाइम आणि पितळी वाद्यांचे बँड यांच्या खिचडीतून. जाझवाले ज्या गाण्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणून डोक्यावर घेतात, त्यांतली बरीचशी आली कुठून? नाटकांतून आणि सिनेमांतून. ‘समरटाइम’ हे १९३५च्या ‘पोर्गी अँड बेस’मधलं गर्श्विनचं गाणं. जॉन कोल्ट्रेनने १९६१च्या रेकॉर्डमध्ये ज्याचं सोनं केलं ते ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ तर ‘द साउंड ऑफ म्यूझिक’ या संगीत नाटकातलं. म्हणजे त्या काळचं पॉपच! जाझचं अर्धं घर पॉपने भरून दिलेलं आहे. तेव्हा जाझ गाणारी बाई पॉपकडे गेली तर ती पळून गेली असं का म्हणायचं? माहेरी गेली म्हणा. माहेरी चार दिवस राहून आली तर त्यात बाटण्यासारखं काय आहे? पुढे त्या तिथेच रमल्या असतील तर सासरच्यांनी आपलं काय चुकलं ते तपासावं.

आणि ज्यांच्या नावाने अप्पा गंध लावतात ते ऑर्नेट कोलमन? १९५९ साली न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये हा गृहस्थ प्लास्टिकचा सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला, तेव्हा निम्मे लोक म्हणाले हा अवतारी पुरुष, आणि उरलेले म्हणाले याला वाजवताच येत नाही. शुद्धतेचा हाच शिक्का त्या वेळी त्यांच्याही कपाळी मारू पाहत होते. पुढे १९७७ साली याच कोलमनची ‘डान्सिंग इन युवर हेड’ निघाली. त्यात विजेच्या गिटारी आहेत आणि नावातच नाच आहे. माइल्स डेव्हिसने तर १९७०च्या ‘बिचेस ब्रू’त विजेच्या वाद्यांची जत्राच भरवली, आणि १९८५ साली सिंडी लॉपरचं ताजं पॉप गाणं उचलून आपल्या ट्रम्पेटवर वाजवलं. हे गृहस्थ बदलले की ‘नवं वळण’, आणि मुंबईची एक बाई बदलली की ‘बाटली’. अप्पा, हे वळण नेमक्या कुठल्या नाक्यावर बंद होतं, ते एकदा सांगून ठेवा. म्हणजे तिथे पाटी तरी लावू.

आक्षेप तिसरा. हा मात्र जरा वजनदार आहे. ‘पॉप सोपं असतं. एवढी तालीम घेतली ती तीन मिनिटांत संपवायची?’

याचं उत्तर कोणताही रोखपाल देईल. वीस वर्षांच्या गृहकर्जात एखादा हप्ता चुकला तर पुढे सावरून घेता येतं. रोखीच्या खिडकीवर एक नोट इकडची तिकडे झाली की संध्याकाळी शिल्लक जुळत नाही आणि शेवटची लोकल जाते. मोठ्या ख्यालात किंवा लांबलचक जाझमध्ये गाणाऱ्याला हातपाय पसरायला जागा असते. एक जागा फसली तर दुसरी घेता येते. पॉपच्या गाण्यात ठोका यंत्रासारखा पक्का, वाद्यं आधी ठरलेली, मिनिटं मोजकी. त्या चौकटीत स्वतःचं काही म्हणायचं तर प्रत्येक श्वास मोजून टाकावा लागतो. आशाबाईंची १९७६ सालची ‘द डेव्हिल इज लूज’ ही रेकॉर्ड आणि तिच्यातलं ‘स्पेस टॉक’ ऐका. खाली डिस्कोचा ठोका सरकारी घड्याळासारखा चाललेला आहे आणि वर त्या बाई कुजबुजल्यागत, ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळत, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातात. ते मागे रेंगाळणं जाझचं आहे. ते घसरणं आपल्या मींडेच्या नात्यातलं आहे. सामान सगळं जुनंच, घर तेवढं नवं.

आणि तीन मिनिटांचा तिटकारा कुणी करावा? ग्रामोफोन कंपनीने १९०२ साली कलकत्त्यात पहिल्यांदा तबकड्या भरल्या, तेव्हा गौहरजान तीनच मिनिटांत राग मांडून, वर शेवटी इंग्रजीतून आपलं नाव पुकारून मोकळी झाली. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ज्या जुन्या रेकॉर्डी अप्पा मऊ फडक्याने पुसतात, त्यांची एक बाजू किती वेळ चालते? तीन-सव्वातीन मिनिटं. तिथे अप्पांचे डोळे पाणावतात. म्हणजे तक्रार तीन मिनिटांची नाहीच. तक्रार अशी आहे, की आम्हाला न विचारता गेली.

इथेच माझं आणि अप्पांचं खरं भांडण आहे. श्रोता स्वतःला गाणाऱ्याच्या खात्याचा संयुक्त धारक समजू लागतो. दोघांच्या सहीशिवाय व्यवहार होणार नाही! अहो, गळा म्हणजे काही मुदत ठेव नव्हे, की आपण एकदा टाळ्या भरल्या आणि दर वर्षी त्याच रागाचं तेवढंच व्याज घ्यायला आलो. तो चालू खात्यासारखा असतो. रोज काही येतं, रोज काही जातं.

हा वाद नुसता पन्नास वर्षांपूर्वीच्या परदेशी तबकडीचा असता तर मी इतकी शाई खर्च केली नसती. पण माझी एक पुतणी आहे. सतरा वर्षांची. आठव्या वर्षापासून शास्त्रीय शिकते आहे. गेल्या गणपतीत इमारतीच्या कार्यक्रमात तिने स्वतः केलेलं एक गाणं म्हटलं. बरोबर कॉलेजातले दोन मित्र, एकाकडे गिटार, दुसऱ्याकडे ढोलकसारखी बडवायची एक लाकडी पेटी. गाणं कशावर, तर लोकलच्या चौथ्या सीटवर. अर्ध टेकलेल्या, अर्ध लोंबकळत्या माणसाची ती कैफियत होती, आणि सूर मुलतानीचे! कोमल ऋषभावर ती अशी थांबली की डोंबिवलीपासून उभ्याने आल्यागत माझ्या पायात गोळा आला. पोरं हसली, बायकांनी टाळ्या वाजवल्या, आमच्या वहिनींनी डोळे पुसले.

कार्यक्रम संपल्यावर अप्पा तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, “बाळ, नऊ वर्षं शिकलीस ती याच्यासाठी?”

वाईट हेतूने म्हणाले नाहीत. डोक्यावरून हातही फिरवला. पण त्यानंतर तीन महिने आमच्याकडे गाणं झालं नाही. चौथी सीट नाही, आणि मुलतानीही नाही. तंबोऱ्याचं ॲप असलेला तिचा फोन नुसता चार्जिंगला लावलेला असायचा. भाऊ म्हणायचा, परीक्षा आहे. परीक्षा होतीच. पण परीक्षा यापूर्वीही असायच्या.

शुद्धतेच्या पुरस्कर्त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. गप्प बसलेला गळा सगळ्यात शुद्ध असतो. त्यात भेसळ नाही, बुडबुडे नाहीत, चौथी सीट नाही. तो तसाच राहावा अशी तुमची इच्छा असेल तर तसं स्पष्ट म्हणा. नऊ वर्षांच्या तालमीनंतर मुलीला स्वतःचं गाणं सुचलं, हे तालमीचं अपयश की तालमीचा नफा? आमच्या शास्त्रात भांडवल वापरून जे वाढतं त्याला नफा म्हणतात. जे नुसतं तिजोरीत राहतं, त्याचं लॉकरभाडं तेवढं भरावं लागतं.

आमच्याकडच्या रंगभूमीने तर हा धडा केव्हाच गिरवून घेतला आहे. १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक आलं. घराण्याची विद्या कोंडून ठेवणाऱ्या खाँसाहेबांची ती गोष्ट. खाँसाहेब कोण झाले होते? वसंतराव देशपांडे. म्हणजे ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, कुठल्याच उंबऱ्यावर न अडणारा गळा. आणि अभिमानाने सांगतो, ते कित्येक वर्षं लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून मंडळींतच बसले होते. त्या नाटकाला अप्पांनी किती वेळा ‘वन्स मोअर’ दिला ते तेच सांगतात. मग घरी येऊन कट्यार पुन्हा म्यानात!

आता अप्पांची एक बाजू मी प्रामाणिकपणे जमेला धरतो. पॉपमध्ये भिकार माल पुष्कळ निघतो. कंपन्या चांगल्या गळ्याला धरून गुळगुळीत गाणी गाऊन घेतात, आणि ती ऐकताना आपण लिफ्टमध्ये अडकलो आहोत असं वाटतं. जाझ सोडून अशा लिफ्टमध्ये शिरलेले गायक आहेत. पण त्यांचा दोष पॉपमध्ये गेल्याचा नाही. तिथे जाऊन त्यांनी जोखीम घेणं थांबवलं, हा त्यांचा दोष. आणि जोखीम थांबवून तीच जाझची चार स्टँडर्डं वर्षानुवर्षं दळणारेही आहेतच. त्यांना कुणी बाटले म्हणत नाही, कारण ते दळण जुन्या जात्यावर चाललेलं असतं. तेव्हा बदलीचा हुकूम पाहू नका, काम पाहा. गाणं वाईट असेल तर वाईट म्हणा, कुठे वाईट आहे ते बोट ठेवून सांगा. आशाबाईंच्या रेकॉर्डीतलीही सगळी गाणी सारखी नाहीत. बुडबुड्यांचा मलाही एखाद्या वेळी कंटाळा येतो. पण ‘बुडबुडे फार झाले’ ही टीका आहे, आणि ‘बाटली’ हा पंचांचा निवाडा आहे. टीकेला उत्तर देता येतं. निवाड्याला नुसता दंड भरायचा असतो.

तो दंड कुणी भरला, तेही पाहा. ज्या नोंदीला योग्य शीर्ष सापडत नाही ती आमच्याकडे ‘सस्पेन्स’ खात्यात टाकतात. आशाबाईंचं आपल्याकडे तेच झालं. शास्त्रीयवाले म्हणाले आमच्यात नाही, सिनेमावाल्यांच्या यादीत त्या नव्हत्याच, जाझवाले म्हणाले गेली, आणि मराठी वर्तमानपत्रं वाचणाऱ्या दहा माणसांना नाव विचारा, नऊ जण ‘कोण?’ म्हणतील. दहावे आमचे अप्पा. ते ‘होती’ म्हणतील.

तिकडे न्यूयॉर्कात डेव्हिड मँकुसो म्हणून एक गृहस्थ स्वतःच्या राहत्या जागेत नाचाच्या मैफिली भरवायचे. त्या जागेला म्हणायचे ‘लॉफ्ट’. लॉफ्ट म्हणजे माळा. आपण नको झालेल्या वस्तू माळ्यावर टाकतो. त्यांच्या माळ्यावर ‘स्पेस टॉक’ वाजलं आणि लोक पहाटेपर्यंत नाचले. पुढे १९९७ साली नोटोरियस बी.आय.जी. या रॅपवाल्याच्या ‘लाइफ आफ्टर डेथ’मध्ये त्याच गाण्याचा तुकडा वापरला गेला. ब्रुकलिनच्या पोरांना मुंबईच्या गळ्याची किंमत कळली. आणि २०२४ साली, ऐंशीच्या आसपासच्या आशाबाई इंग्लंडात ग्लास्टनबरीच्या महोत्सवात उभ्या राहून गायल्या. आमच्या इमारतीत ऐंशीच्या घरातल्या माणसाला लिफ्टपर्यंत हात धरून नेतात.

बँकेचा एक नियम सांगतो आणि थांबतो. एखाद्या ठेवीची दहा वर्षं कुणी चौकशीच केली नाही, तर ती रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत वर्ग होते. हा निधी २०१४ सालचा. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, पण आद्याक्षरं जोडली की उच्चार होतो ‘डेफ’. डेफ म्हणजे बहिरा. नाव देणाऱ्याच्या मनात काही नसेल, पण बेवारस ठेवींची याहून अचूक जागा मला तरी सुचत नाही. आपण ऐकलं नाही म्हणून कितीतरी गळे त्या बहिऱ्या खात्यात जमा आहेत. त्यात एक बरी गोष्ट अशी, की ठेव बुडत नाही. हक्कदाराने नंतर येऊन मागितली तरी मिळते. फक्त खिडकीपर्यंत यावं लागतं.

तेव्हा अप्पा, या रविवारी संध्याकाळी तुमच्या सुईवर ‘स्पेस टॉक’ ठेवू. रेकॉर्ड मी पैदा करतो. आवडलं नाही तर चार शिव्या द्या, मी ऐकून घेईन. पण ‘बाटली’ हा शब्द तेवढा काकूंना पाणी मागण्यासाठी राखून ठेवा. आणि येताना मी पुतणीला घेऊन येणार आहे. तिने गायलं तर ऐका. नाही गायली, तर का गायली नाही ते तिला विचारू नका, मी सांगेन.